एक घडी जास्त

९ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, मध्ये आत्या दोघींना गप्प करते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. आमच्या नायिकेचा झगा कमरेत उसवला होता, पडदा वर जायची घंटा झालेली, आणि मी तिच्या पायाशी गुडघे टेकून बसलेली. दोन्ही हात झग्यात, म्हणून मॅनेजरनं फोन माझ्या कानाला लावून धरला. आत्या म्हणाली, "नाना गेले गं." आता तोंडात टाचण्या असताना माणूस काय बोलणार? मी "हं" म्हटलं. आत्याला वाटलं, बघा, बाप गेला तरी नुसतं हं, नाटक कंपनीत जाऊन पोरगी दगड झाली. हे तिनं तुलाही सांगितलं असणारच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मला यायचं होतं. सगळ्या कंपनीचे पासपोर्ट पुढच्या देशाच्या व्हिसासाठी वकिलातीत अडकलेत. मी मॅनेजरशी भांडले, वकिलातीच्या दाराशी जाऊन उभी राहिले, तिथल्या बाईनं मला पाण्याचा ग्लास दिला आणि सोमवारी या म्हणाली. तोपर्यंत तुम्ही सगळं उरकलं होतंत. तुमचं चुकलं असं म्हणत नाही, कुणी किती थांबायचं.

पण त्याच फोनवर आत्यानं पुढचं सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी नानांनी कात्री तुझ्या हातात दिली म्हणे. स्वतःच्या हातानं.

धाकटे, ती कात्री तुझ्या काय कामाची? तू गणिताची मास्तरीण. तुला साधं बटण लावता येत नाही, दोरा दातानं तोडतेस. शिवाय ती डावी कात्री आहे. नाना डावखुरे, मी डावखुरी, सगळ्या घरात आम्ही दोघंच. नानांनी ती लोहाराकडून मुद्दाम उलट्या पात्यांची घडवून घेतली होती. उजव्या हातात धरलीस तर ती कापड कापत नाही, चावते. आठवतं ना, मी एकदा तिनं वहीला घालायला कागद कापला, तर नाना माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते? कापडाच्या कात्रीला कागद लावायचा नाही, धार मरते. आपल्या घरात बाकी काही देवाधर्माचं नव्हतं, एवढं एकच पाळायचं.

तर कात्री पाठवून दे. खाली पुढच्या थिएटरचा पत्ता दिलाय. दुसरं मला काही नको. शिलाई मशीन, दुकान, नानांची खुर्ची, सगळं तुझं.

थोरली


२१ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असलं तर. "कात्री नानांनी माझ्या हातात दिली. त्याहून जास्त मला सांगायचं नाही. तब्येतीला जप." शाळेत पोरांच्या पालकांना अशाच चिठ्ठ्या पाठवतेस का?

बरं, नको सांगूस. मला आत्या सांगते. नाना शेवटी शेवटी खूप हसायचे म्हणे. डावी बाजू अर्धवट लुळी पडली, जीभ जड झाली, पण तू भरवायला बसलीस की हसायचे. तू काहीतरी वेंधळेपणा करायचीस आणि ते अंग हलवून हसायचे. आत्या हे मला बरं वाटावं म्हणून सांगते. बाई गं, मी फोन ठेवते आणि वाफवलेलेच झगे पुन्हा वाफवते, ते तिला काय ठाऊक.

मी त्यांच्या शेजारी किती वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभी राहिले. मला ते हसलेले आठवत नाहीत. मी सरळ कापलं तर "हं" म्हणायचे. वाकडं कापलं तर तेही नाही. माझं "हं" आत्याला खटकलं ना, ते मी कुणाकडून उचललं विचार तिला.

आणि तू! तू त्याच टेबलावर चढून खेळायचीस, म्हणून पडलीस आणि खांदा मोडून घेतलास. चूक तुझी. पण त्यानंतर तुझा उजवा खांदा जरा उतरला, तर नाना तुझ्या प्रत्येक कपड्यात त्या खांद्याला आतून कॅनव्हासची एक घडी जास्त घालायचे. बाहेरून कुणाला कळता कामा नये. तुझा शाळेचा गणवेश, तुझं पहिलं नोकरीचं जाकीट, सगळ्यात ती घडी. मी कधी बोलले नाही, पण मी ती घडी मोजायला शिकले होते. माझ्या कपड्यात कुठं काही जास्तीचं नसायचं. माझे खांदे सरळ ना! माझ्या मापाचा कागद ते दुमडून अर्धाच कापायचे, दोन्ही बाजू सारख्या म्हणून, आणि म्हणायचे, "थोरलीचं काम सोपं." मला तेव्हा तो मान वाटायचा. आता वाटतं, सोप्या पोरीकडे कोण बघतं?

इथं कपडेपट तळघरात आहे. वर नाच चालतो आणि माझ्या डोक्यावर धूळ पडते. खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यातून नुसते लोकांचे पाय दिसतात. इस्त्रीच्या वाफेत उभी राहून मी दिवसभर पायांकडे बघते आणि तुझ्यावर जळते. खोटं कशाला सांगू. झगा वाफवते आणि मनात म्हणते, तिला शेवटचं हसू मिळालं, तिला शेवटचा घास भरवायला मिळाला, तिला शेवटचा हात मिळाला, आणि वर कात्रीही तिलाच. अगं, सगळं ताट एकटीच्या पुढ्यात ओढायचं?

पाठव. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

थोरली


३ डिसेंबर

धाकटे,

पासपोर्ट आले. मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला घरी जायचं तर जाऊन या, चार दिवस आम्ही टाचण्यांवर भागवू." माणूस वाईट नाही. मी म्हटलं, "आता जाऊन काय करू?" तो म्हणाला, "बहीण आहे ना?" मी म्हटलं, "आहे, पण तिला माझी गरज नाही." आणि निघाले तरातरा.

तर मी आले नाही. हे आत्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

त्याऐवजी काय केलं ते ऐक, हसशील. शिवणसामानाच्या दुकानात गेले. मोठं दुकान, एका भिंतीला नुसती बटणं. मी दुकानदाराला डावा हात वर करून दाखवला आणि दोन बोटांनी कात्री केली. त्याला लगेच समजलं. त्यानं डाव्या हाताची कात्री काढून दिली. हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची, हलकी, फुलासारखी. वर एक चिंधीही दिली, कापून बघा म्हणाला. मी कापली. इतकी सुंदर चालली ती कात्री, काय सांगू! नानांच्या कात्रीचं वजन मनगटात भरतं, ही आपसूक पळत होती.

आणि मी रडायला लागले. भर दुकानात. नाना गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही हिरव्या प्लॅस्टिकवरून. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं बोट कापलं. त्यानं पट्टीचा डबा आणला. मी माझ्या धडधाकट बोटाला पट्टी लावून घेतली आणि बाहेर पडले. दुसरं काय करणार?

कात्री घेतली नाही. नवी घेतली की जुनी तुझी झाली असं होईल.

थोरली


१९ डिसेंबर

धाकटे,

पार्सल मिळालं.

देवाशपथ, मी आनंदानं उड्या मारत वर गेले, मॅनेजरला दाखवलं, नायिकेला दाखवलं. म्हटलं, ही माझ्या वडलांची. वर्तमानपत्रांच्या तुकड्यांत गुंडाळलेली होती, ते सगळे बाजूला सारले आणि उरलेल्या रेशमाचा एक पट्टा धरला. कापायला गेले तर चावली! डाव्या हातात धरून चावली! उजेडात पात्यावर बोट फिरवलं. धार पार मेलेली. टोकाशी बारीक दाते पडलेले. अशी धार कशानं मरते ते मला कुणी सांगायला नको.

कागद कापलास? नानांच्या कात्रीनं कागद? बरं, पुरावाही सोबतच पाठवलास, सगळा डबा तुकड्यांनी भरून! माझ्याकडे द्यायची वेळ आली म्हणून सूड उगवलास का? मी मागितली म्हणून? तुला नको होती तर तशी द्यायची होतीस, मारून कशाला दिलीस?

मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "तिलाच विचार, मी तुमच्या भांडणात पडत नाही." जन्मात पहिल्यांदा तिला पडायचं नाही!

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर पाठवणार नाही.

थोरली


६ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. या वेळी खरंच पत्र होतं. त्यातला एक भाग इथं तुझ्याच शब्दांत उतरवून ठेवते, कारण तू नंतर म्हणशील मी असं लिहिलंच नव्हतं.

"ताई, कागद मी नाही कापले. नानांनी कापले. डॉक्टर म्हणाले डावा हात हलता ठेवा. त्यांना चमचा धरवेना, पण कात्री धरली. घरातली दुसरी कात्री उजव्या हाताची, म्हणून तीच द्यावी लागली. कापड हातातून निसटायचं, कागद ताठ राहतो. मी शाळेतून आले की त्यांच्या समोर वर्तमानपत्र ताणून धरून उभी राहायचे आणि ते कापायचे. रोज. त्या कात्रीला कागद लावायला पहिल्यांदा मलाही धजवेना, पण ते इतके मन लावून कापायचे की मी कागद धरतच राहिले. आणि कुणासाठी कापायचे? तुझ्यासाठी. 'थोरले, थोरले' करायचे. इतका वेळ मी समोर, आणि हाक तुझी. मी भरवायचे आणि ते 'थोरले' म्हणायचे. आत्याला सांगितलं होतं, यातलं एक अक्षर तुला कळवायचं नाही. कात्री दिली तेव्हाही माझ्या हातात ठेवून म्हणाले, 'थोरले, घे.' म्हणजे ती तुझीच होती. मी तुला ते सांगितलं नाही, कारण माझं नाव त्यांच्या तोंडून एकदा तरी यावं म्हणून मी शेवटपर्यंत वाट बघितली आणि ते आलं नाही. मला वाटलं, निदान कात्री राहू दे. पण ठेववेना. तुकडेही तुझेच, म्हणून त्यांतच गुंडाळली."

आता मी काय लिहू? तुझं सांत्वन करायला हवं, मोठी आहे मी. पण धाकटे, खरं सांगू? मी हे वाचलं आणि मला हसू फुटलं. आनंदाचं. तळघरात एकटी होते म्हणून बरं. इतके दिवस मी तुझ्या नावानं जळत होते आणि तिकडे तू माझ्या! आणि जिंकले कोण? मी! तू भरवलंस, पुसलंस, उठवलंस, आणि हाक मात्र मला. आता कळलं ना, कसं लागतं ते?

हे वाईट आहे, मला माहीत आहे. पण इतके दिवस माझं वाईट झालं ते कुणाला दिसलं?

तुकडे मी फेकले नव्हते, ट्रंकेत कोंबून ठेवले होते. आज वरचे थोडे काढून जुळवले. पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या, कॉलर. अगं, कोटाचं पेपर कटिंग आहे! हात लटपटलाय, कडा फाटल्यात, पण बाही लागते त्या मुंढ्याची गोलाई अगदी नानांची. मला कोट कापत होते ते. कंपनीकडे मोहरीच्या रंगाचं लोकरी कापड उरलंय, मॅनेजर म्हणाला घ्या. कात्रीला मी दगडावर स्वतः धार काढली, अजून पुरती आली नाही, पण कापते. उद्यापासून बसते. माझ्या वडलांनी मला केलेला कोट मी घालणार आहे, आणि घालून फोटो काढून तुला पाठवणार आहे.

थोरली


१२ जानेवारी

धाकटे,

फोटो पाठवत नाही. का ते सांगते. सांगायचं नव्हतं, ते आधी सांगते.

कोट कच्च्या टाक्यात उभा केला आणि घातला. बाह्या मनगटाच्या वर. पाठीत आवळतो. ते ठीक, म्हटलं, नानांनी मला बरीच वर्षं बघितलं नव्हतं आणि मी इथल्या पावावर सुटलेय. पण आरशात बघते तर उजव्या खांद्याला चुणी. हातानं सारखी केली, पुन्हा आली. म्हटलं, आजारी हात, वाकडा गेला असेल कागद.

मग तुझ्या पार्सलमधले सगळे तुकडे वर नेले आणि तालमीच्या मोकळ्या फरशीवर मांडले. एकावर एक कितीतरी कोट आहेत, तुला माहीत होतं का? प्रत्येकाचा पुढचा उजवा भाग वेगळा आणि डावा वेगळा. कागद कुठेच दुमडलेला नाही. आणि प्रत्येकात उजवा खांदा खाली. कडा वेड्यावाकड्या, पण खांदा प्रत्येक वेळी तेवढाच उतरलेला. चुकणारा हात रोज तीच चूक कशी करेल?

माझा कागद ते दुमडून अर्धा कापायचे, धाकटे. माझे खांदे सरळ आहेत.

कोट तुझा आहे. सगळे कोट तुझे आहेत. तू रोज त्यांच्या समोर कागद धरून उभी राहायचीस आणि ते तुला बघून तुला कापत होते. माप सगळं तुझं, तोंडात नाव तेवढं माझं येत होतं. जीभ जड झाल्यावर एकच शब्द निघत होता, तो निघाला. डोळ्यांचं आणि हाताचं मात्र काही चुकलं नव्हतं.

हे मला कळलं तेव्हा मी काय केलं सांगू? तुकडे गोळा केले, ट्रंकेत घातले आणि ट्रंकेवर बसले. मनात म्हटलं, तिला गणित येतं, कटिंग येत नाही. तिला हे कधीच कळणार नाही. मी गप्प बसले तर जन्मभर नानांनी मला हाक मारली असंच राहील. कोट थोडा सोडवून माझ्या अंगाला बसवता येतो, शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेलं आहे. नायिका खाली आली, विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं डोकं दुखतंय. संध्याकाळच्या खेळात मी तिला चुकीच्या अंकाचा झगा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला तुझ्यासारखं व्हायचं नव्हतं, म्हणजे चांगलं. पण तू कात्री पाठवलीस ना! तुलाही गप्प बसता आलं असतं. "थोरले, घे" हे तुझ्याशिवाय कुणी ऐकलं होतं? तू बसली नाहीस गप्प, म्हणून आता मलाही बसता येत नाही. फार राग येतो मला तुझा त्याबद्दल.

अजून जळते मी, समजू नकोस की संपलं. इतके दिवस ते तुला बघत होते. मला कुणी तसं रोज बघून कापलेलं नाही. त्या हाकेवर भागवेन मी. ती तरी माझी होती असं तू मला म्हणू दे, त्यात तुझं काही जात नाही. आणि कात्री परत मागू नकोस. ती मी देत नाही.

कोट मात्र तुझ्या मापाचा पुरा करते आहे. बाह्या लागल्या, कॉलर बसली, अस्तर उद्या. फक्त उजव्या खांद्यातली ती एक घडी घालायची राहिलीय. किती घालायची ते कागदावरून समजत नाही आणि तू फोनवर सांगितलेलं माप मी घेणार नाही. नाना ती कोट तुझ्या अंगावर चढवूनच घालायचे. मॅनेजरशी बोलले आहे. आठवडाअखेर या गावचा मुक्काम हलतो, कंपनी पुढे जाईल, मी घरी येते.

गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की छाती काढून ताठ व्हायचं, आणि नाना काय म्हणायचे, आठवतं? तेच तुला आता सांगून ठेवते. मी टेप घेऊन येईन तेव्हा माझ्यासमोर सरळ उभी राहू नकोस. रोज उभी राहतेस तशी राहा.

ताई